सुई आणि रेघ (लेखांक १७) : पाचगणीचा पियानोवाला

‘बोहेमियन रॅप्सडी’तला ऑपेराचा भाग या आठवड्यात उलगडून सांगेन, असं कबूल केलं होतं. ते आज होणार नाही. वारज्याच्या एका वाचकांनी असे दोन प्रश्न धाडलेत की ते मागे ठेवणं जिवावर आलं. ‘गाणं दुकानात यायच्या आधीच गाजलं म्हणता, ते कसं? आणि फ्रेडी मर्क्युरी खरंच आपल्या पाचगणीत शिकला का?’

आधी पाचगणी. वारज्यातून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग सुरूर फाट्याला सोडायचा, वाईवरून पसरणीचा घाट चढायचा, की सेंट पीटर्स शाळेच्या गावात पोचलात. झांझिबारला सरकारी नोकरीत असलेल्या बोमी बलसारा या पारशी गृहस्थांनी आपला फारुख वयाच्या आठव्या वर्षी या शाळेच्या वसतिगृहात घातला. फारुखचा फ्रेडी झाला तो इथेच. पियानोची चौथी परीक्षा त्याने इथूनच दिली, शाळेच्या गायकवृंदात तो गायला, आणि १९५८च्या सुमारास पाच पोरांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला.

या बँडवर माझा फार जीव. कारण त्यात फ्रेडी मुख्य गायक नव्हताच! पुढे उभा राहून गायचा ब्रूस मरे, फ्रेडी पियानोवर. रेडिओवर ऐकलेली चाल तो लगेच पियानोवर उतरवायचा, ही त्याची शाळेतली ख्याती. बाकीचे गडीही एकेक नग. डेरिक ब्रांच पुढे इंग्लंडात नट झाला. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख म्हणून गेला. फरंग इराणींचं ‘बाउंटी सिझलर्स’ तर पुणेकरांना सांगायलाच नको. ताटलीत चरचरणारं सिझलर खाताना समोरचा मालक एकेकाळी फ्रेडीबरोबर वाजवायचा, हे किती जणांना ठाऊक असेल?

आता पहिला प्रश्न. १९७५च्या शरदात फ्रेडीच्या ‘क्वीन’ या बँडचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे गाणं तयार होतं. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. ईएमआय कंपनीचे लोक म्हणाले, हे सिंगल म्हणून चालायचं नाही, कापा. त्यांना मूर्खात काढायची आता रीतच पडली आहे, पण त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. तेव्हा रेडिओवर तीन मिनिटांच्या आसपासचं गाणं चाले. शिवाय सात इंची तबकडीवर जागा ती केवढी! मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या या तबकडीत जास्त वेळ कोंबायचा तर रेघा दाटीवाटीने कापाव्या लागतात आणि आवाज दबतो. अशी एखादी लांब गाण्याची तबकडी उजेडात तिरपी धरून बघा. हळू सुरांच्या जागी रेघा एकमेकींना चिकटलेल्या, काळ्याभोर. दणदणाटाच्या जागी त्या नागमोडी होऊन फाकलेल्या, म्हणून तिथे चमक वेगळी. ‘बोहेमियन रॅप्सडी’तला सगळ्यात दणक्याचा भाग चौथं मिनिट उलटल्यावर, म्हणजे लेबलाच्या जवळ येतो. तिथे फेरा लहान असतो, सुईखालून रेघ कमी वेगाने सरकते आणि आवाज फाटायची भीती सर्वांत जास्त असते. पण बीटल्सचं ‘हे ज्यूड’ सात मिनिटांहून मोठं असूनही १९६८ साली पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, हे ईएमआयच्याच घरात घडलेलं. तेव्हा अडचण तबकडीची थोडी आणि धास्तीची जास्त.

ती धास्ती मोडली केनी एव्हरेट या लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या निवेदकाने. बँडने त्याला एक प्रत दिली. वाजवायची नाही, या अटीवर. अट मोडली जाणार, हे देणाऱ्यांना ठाऊक असावं, असा माझा दाट संशय. एव्हरेटने दोन दिवसांत ते गाणं १४ वेळा लावलं. कधी नुसता तुकडा ऐकवायचा आणि ‘बोट चुकून लागलं’ म्हणायचा. सोमवारी लोक दुकानांत तबकडी मागायला गेले, तर ती अजून बाजारातच नव्हती. मागणी दारात उभी राहिल्यावर कंपनी कात्री कशाला चालवेल? ३१ ऑक्टोबर १९७५ला सिंगल अख्खं बाहेर पडलं. नोव्हेंबरअखेर ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं आणि सलग नऊ आठवडे तिथेच राहिलं.

यातली खरी मौज तबकडीच्या पाठीमागे आहे. बी बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं ‘आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार’ होतं. तबकडी एकच, त्यामुळे प्रत्येक प्रतीमागे मागच्या गाण्याच्या रचनाकारालाही पुढच्याइतकंच मानधन. लोक घेत फ्रेडीचं गाणं, पैसे मिळत दोघांना! यावरून बँडमध्ये पुढे बरीच धुसफूस झाली.

तर वारजेकर, उत्तर असं : फ्रेडी पाचगणीत शिकला हे शंभर टक्के खरं, पण तिथे त्याने कमावला तो पियानो आणि चार जणांत सूर मिसळायची सवय. ऑपेराचा भाग याच दोन गोष्टींवर उभा आहे. पुढच्या शनिवारी तोच घेतो, आता चालढकल नाही. तोवर सगळ्यांनी गाणं एकदा हेडफोन लावून ऐका आणि कोणता आवाज डाव्या कानात, कोणता उजव्या, ते टिपून ठेवा. त्या टिपणाशिवाय पुढचा लेख अर्धाच कळेल.