'मोगलाई' : एका थट्टेखोर शब्दाची कुळकथा

कोणी न विचारता दुसऱ्याच्या ताटातील भजे उचलले, की मराठी माणूस विचारतो, "ही काय मोगलाई लागून गेली?" या थट्टेतील मोगल मराठवाड्यापुरते तरी हैदराबादचे निजाम होत. पहिला असफजाह हा दिल्लीच्या बादशहाचा दख्खनचा सुभेदार. इ. स. १७२४ पासून तो स्वतंत्र झाला. तथापि त्याच्या घराण्याच्या नाण्यांवर १८५७ पर्यंत बादशहाचेच नाव राहिले. पेशवेकालीन पत्रांत निजामाचा उल्लेख 'मोगल' असा येतो, तो यामुळेच. 'निजामशाही' ही संज्ञा अहमदनगरच्या राज्यासाठी अगोदरच रूढ होती आणि त्या निजामशाहीची राजधानी १६०० नंतर काही काळ परंड्यास होती. या दोन राजवटींची गल्लत आजही होते. लोकबोलीने मात्र ती टाळली होती.

पुढे बार्शी इंग्रजी अमलात आणि लगतचा उस्मानाबाद जिल्हा निजामाकडे राहिला. सरहद्दीपलीकडून या मुलखास 'मोगलाई' म्हटले जाई. त्यात भूगोल होता, तसे हिणवणेही होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर प्रदेशवाचक अर्थ मागे पडून केवळ मनमानीचा अर्थ उरला. ज्यांना उद्देशून हा शब्द योजला जाई, त्या जिल्ह्यातील माणसेही आता तो निःसंकोच वापरतात. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. बोलीतील मोगलाईस त्याने बाध आलेला नाही. उपाहारगृहांच्या पाट्यांवरील 'मुघलाई' ही उत्तरेकडील पाकपरंपरेतून आलेली. तिचा या अर्थाशी संबंध नाही.