नदी पिवळी झाली ते गाव

आपली माथेरानची गाडी दोन फूट रुंदीच्या रुळांवरून डुलत डुलत चढते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ड्युरँगोहून सिल्व्हरटनला जाणाऱ्या गाडीचे रूळ तीन फुटी. अ‍ॅनिमस नदीच्या काठानं, कड्याला खेटून ४५ मैल. पुतण्या म्हणाला, "चाचा, मोटारीनं सव्वा तासात पोहोचू." मी म्हटलं, "बेटा, एवढी घाई असती तर कविता कशाला लिहीत बसलो असतो?" आम्ही गाडीनंच गेलो. साडेतीन तास लागले आणि अंगावर इंजिनाच्या कोळशाची कणी घेऊन उतरलो.

सिल्व्हरटन ९,३१८ फुटांवर आहे. आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ पावणेदोनपट उंच. २०२०च्या जनगणनेत लोकवस्ती ६२२. मुख्य रस्ता तेवढा डांबरी, बाकीचे मातीचे. दुतर्फा रंगीत लाकडी घरं. चार पावलं चाललं की धाप लागते.

हे डोंगर मुळात यूट आदिवासींचे. आत चांदी-सोनं आहे असं कळलं आणि १८७३च्या करारानं ते त्यांच्या हातून गेले. १८८२च्या जुलैत रेल्वे आली. आज पर्यटकांना वर आणणारी गाडी तेव्हा खनिज खाली न्यायची. गावामागच्या टेकडीवर दफनभूमी आहे. कबरस्तान दिसलं की हात आपसूक दुवेसाठी उठतात, तसे इथेही उठले. दगडांवरची नावं वाचत गेलो. कुणी इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा, कुणी इटलीचा, कुणी स्वीडनचा. १९१८च्या इन्फ्लुएंझानं गावातल्या कितीतरी घरांत दिवा लावायला माणूस ठेवला नाही.

पुढे खाणींना उतरती कळा लागली. १९५९ साली गावातल्या कॅथलिक मंडळींनी डोंगरावर इटालियन संगमरवराचा ख्रिस्त उभारला, खाणी पुन्हा चालू होऊ देत म्हणून. ४ जून १९७८ रोजी सनीसाइड खाणीच्या डोक्यावरच्या एमा तलावाचा तळ फुटला. सगळं तळं बोगद्यांतून धडधडत खाली आलं आणि अवजड यंत्रं काडीसारखी वाहून गेली. पण तो रविवार होता. आत एकही माणूस नव्हता. गावकरी याचं श्रेय डोंगरावरच्या ख्रिस्ताला देतात. आपण कशाला वाद घाला? रविवारची सुट्टी किती मोलाची, हे मात्र मला त्या दिवशी पटलं.

ही खाण १९९१ साली कायमची बंद झाली. बंद झाली म्हणजे काय झालं, ते जरा समजून घेऊ. या डोंगरात लोखंड आणि गंधक एकत्र असलेलं एक चकाकतं खनिज आहे. ते खडकात बंदिस्त असतं तोवर निरुपद्रवी. माणसानं बोगदे खोदले की त्याला हवा लागते, पाणी लागतं आणि त्यातून गंधकाम्ल तयार होतं. हे आम्ल खडकातलं लोखंड, जस्त, शिसं, कॅडमियम विरघळवून घेतं आणि ओढ्यात आणून सोडतं. इथले काही ओढे खाणींच्या आधीपासूनच आंबट होते, हेही खरं. पण बोगद्यांनी ती वाट हजार ठिकाणी मोकळी केली. कामगार घरी जातात, पंप थांबतात, पाणी मात्र झिरपतच राहतं.

नव्वदच्या दशकात बोगद्याला काँक्रीटच्या भिंती घालून पाणी अडवलं. अडलेलं पाणी डोंगराच्या पोटात चढत गेलं आणि शेजारच्या जुन्या खाणींत शिरलं, असं अनेक अभ्यासक मानतात. ५ ऑगस्ट २०१५ रोजी गोल्ड किंग या जुन्या खाणीच्या तोंडाशी काम चालू होतं. काम करत होती खुद्द सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेची तुकडी. मागे दाबून राहिलेल्या पाण्याचा अंदाज चुकला, तोंड फुटलं आणि एक कोटी लिटरहून अधिक पाणी सुटलं. अ‍ॅनिमस नदी हळदीसारखी पिवळी झाली. ते पाणी ड्युरँगोवरून न्यू मेक्सिकोत, नावाहो आदिवासींच्या शेतांच्या काठानं, थेट युटा राज्यापर्यंत गेलं. नावाहो शेतकऱ्यांनी पाटाची दारं बंद केली. भर ऑगस्टात, उभ्या पिकाला पाणी नाही! चांदी नेणारे कोण होते आणि मका कुणाचा वाळला, हे मी त्या पुलावर उभा राहून बराच वेळ मनाशी जुळवत होतो.

या परिसरातल्या ४८ जागा २०१६ साली केंद्र सरकारच्या सफाईच्या यादीत घेतल्या गेल्या. आधी गावालाच ती यादी नको होती. बदनामी होईल, पर्यटक येणार नाहीत, ही धास्ती. पर्यटक येतातच, आम्ही नाही का गेलो?

गावापासून काही मैलांवर, ग्लॅडस्टन इथे, खाणीच्या पाण्यात चुना कालवणारं एक केंद्र २०१५पासून आहे. चुन्यानं आम्ल मरतं, धातू गाळ होऊन खाली बसतात. तो गाळ उपसायचा, साठवायचा आणि पुन्हा चुना घालायचा. परतताना ओढ्याजवळ थांबलो. पाणी नितळ दिसत होतं, पण तळाचे दगड अजून गंजाच्या रंगाचे होते. पुतण्या वाकून पाण्यात हात घालणार होता. मग त्यानं तो मागे घेतला.