चालू संगणकास जुनीं उपकरणें कां जोडूं नयेत?

हल्लींच्या मुलामुलींस यूएसबीची इतकी संवय झाली आहे कीं, कोणतेंही उपकरण संगणकास केव्हांही लावावें व केव्हांही काढावें, असाच त्यांचा समज होऊन बसला आहे. नव्या यंत्रांविषयीं तो बहुतांशीं खरा आहे. परंतु कित्येक शाळांत व घरांत जुने संगणक अद्याप कामावर आहेत. तेथें हाच समज एखादें चांगलें यंत्र क्षणांत निकामी करूं शकतो. म्हणून ह्यामागील कारण समजून घेणें इष्ट आहे.

जुन्या संगणकाच्या पाठीमागें बहुधा दोन वाटोळ्या खोबणी दिसतात. जांभळी कीबोर्डाची व हिरवी माउसची. आयबीएम कंपनीनें १९८७ सालीं आपल्या पर्सनल सिस्टिम/२ ह्या संगणकांबरोबर हा प्रकार प्रचारांत आणला, म्हणून त्यास पीएस/२ असें म्हणतात. हिच्या सहा पिनांपैकीं चार कामाच्या असतात. एकीवाटे ५ व्होल्टांची वीज येते, दुसरी त्या विजेच्या परतीची वाट असते, आणि उरलेल्या दोहोंतून संदेशांची देवघेव चालते. ह्यांपैकीं प्रथम कोणती टेकेल ह्याचा कांहीं नेम नसतो. परतीची वाट जुळण्यापूर्वींच बाकीच्या पिना टेकल्या, तर वीज संदेशाच्या तारांतून वाट काढूं पाहते व नाजूक चिपेस इजा होते. तसेंच उपकरणानें एकाएकीं अधिक वीज ओढली, तर त्या वाटेवरील फ्यूज वितळतो. फ्यूज क्षुल्लक किमतीचा खरा; पण पुष्कळ जुन्या मदरबोर्डांवर तो सोल्डर करून बसविलेला असे. तो गेला कीं खोबण मुकी होते, आणि कुशल कारागीर न मिळाल्यास सबंध मदरबोर्ड बदलण्याची पाळी येते.

इजा झाली नाहीं तरी काम अडतेंच. पीएस/२ माउस वीज मिळाल्यावर स्वतः होऊन हालचाल कळवीत नाहीं. संगणकाची आज्ञा होईपर्यंत तो स्तब्ध राहतो. ही आज्ञा सामान्यतः संगणक सुरू होतांना दिली जाते. म्हणून मध्येंच काढून लावलेला माउस पुष्कळदां मेल्यासारखा वाटतो.

प्रिंटराच्या २५ पिनांच्या जुन्या जोडणींत आणखी एक धोका आहे. जेथें भिंतींतील सॉकेटास अर्थिंग नसतें, तेथें संगणकाच्या धातूच्या पेटीवर २३० व्होल्टांच्या सुमारें निम्मा दाब येऊं शकतो. हात लावल्यास ज्या बारीक मुंग्या येतात, त्या ह्याच्याच. त्यांतील प्रवाह अत्यल्प असतो. पण चालू संगणकास प्रिंटरची केबल लावतांना तो संदेशाच्या पिनांतून गेला, तर चिप जळण्यास तेवढा पुरेसा होतो.

मग यूएसबीस हें भय कां नसावें? १९९६ सालीं ही पद्धति निघाली, तेव्हांच तिच्या कर्त्यांनीं चालू यंत्रांत जोडणी होणार हें गृहीत धरिलें. तिच्या प्लगांत विजेच्या व परतीच्या पट्ट्या संदेशाच्या पट्ट्यांहून लांब ठेविल्या आहेत. त्यामुळें त्या आधीं टेकतात व शेवटीं सुटतात.

"आम्हीं अनेकदां असें केलें, कांहीं झालें नाहीं," असें कोणी म्हणेल. तें खरेंही असेल. परंतु दहा वेळां निभावलें, म्हणून अकराव्या वेळीं निभावेलच असें नव्हे.

ह्यासाठीं क्रम असा ठेवावा. प्रथम आपलें काम सांठवून संगणक रीतसर बंद करावा. प्रिंटर असल्यास तोही बंद करावा. नुसत्या शट डाउननें पुरें होत नाहीं, कारण पुष्कळ संगणकांत त्यानंतरही ५ व्होल्टांची वीज आंत खेळत असते. म्हणून भिंतीवरील बटणही बंद करावें. मात्र तीन पिनांचा प्लग तसाच राहूं द्यावा, म्हणजे अर्थिंग कायम राहतें. मग पेटीच्या धातूस बोट लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी, खोबणीची खांच पाहून प्लग सरळ बसवावा, आणि नंतरच बटण लावावें.

ह्या सर्वांस चार-पांच मिनिटें लागतात. शाळेच्या एका संगणकावर दिवसभरांत अनेक मुलें शिकतात. एकाच्या उतावळेपणानें तो बंद पडला, तर त्या सर्वांचा अभ्यास खोळंबतो. तेव्हां वाटोळी किंवा अनेक पिनांची खोबण दिसतांच हात आवरून आधीं बटण बंद करावें, ही संवय विद्यार्थ्यांनीं लावून घ्यावी व पालकांनींही ती घरीं पाळावी.