फिलाडेल्फियाचा राग आणि ईगल्सचे निर्णय

एप्रिल १९९९. न्यूयॉर्कमध्ये एनएफएलचा ड्राफ्ट, म्हणजे महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंची वार्षिक निवड, सुरू होती. फिलाडेल्फिया ईगल्सचे तीसेक चाहते बसने तिथे पोहोचले होते; त्यांची ही वारी शहरातल्या डब्ल्यूआयपी या क्रीडा रेडिओ केंद्राच्या पुढाकाराने निघाली होती. त्यांना हवा होता रिकी विल्यम्स, चेंडू घेऊन धावणारा टेक्सासचा जबरदस्त रनिंग बॅक. ईगल्सने दुसऱ्या क्रमांकावर नाव पुकारलं ते क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या, डोनोव्हन मॅकनॅबचं. आपल्याच संघात येणाऱ्या या तरुणाची चाहत्यांनी भर सभागृहात हुर्यो उडवली. त्याच मॅकनॅबने पुढे संघाला पाच वेळा परिषदेच्या, म्हणजे लीगमधल्या आपल्या अर्ध्या भागाच्या, अंतिम सामन्यापर्यंत आणि एकदा सुपर बोलपर्यंत नेलं. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्सने त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी देऊन टाकल्या होत्या. तो संघ त्या हंगामात फक्त तीन सामने जिंकला आणि त्याच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली.

लांबट चेंडूचा हा अमेरिकी फुटबॉल सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि फेब्रुवारीत सुपर बोलने संपतो. उरलेल्या काळात मैदानं शांत असतात, पण संघ घडतो किंवा बिघडतो तो तेव्हाच. मार्चमध्ये करार संपलेले खेळाडू बाजारात येतात आणि एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो. ऑगस्टअखेर नव्वद जणांच्या ताफ्यातून त्रेपन्न उरतात. याच महिन्यांत चाहत्यांची मतंही सर्वांत धारदार होतात. फिलाडेल्फियाइतका जाणकार आणि जिवाला लावून घेणारा प्रेक्षक अमेरिकेत क्वचितच सापडेल. तो दुखणं बहुतेक वेळा अचूक ओळखतो. औषध सुचवताना मात्र त्याचा वारंवार घोटाळा होतो, आणि त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

“संघ कोसळला, तर मुख्य प्रशिक्षक बदला”

२०२३च्या हंगामात ईगल्सने पहिल्या अकरापैकी दहा सामने जिंकले. मग शेवटच्या सहापैकी पाच हरले, आणि जानेवारी २०२४ मध्ये बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात टॅम्पा बेने त्यांना ३२-९ असं धुतलं. मुख्य प्रशिक्षक निक सिरियानीला काढा, हा एकच सूर शहरभर होता. त्यात भर म्हणजे न्यू इंग्लंडला सहा सुपर बोल जिंकून देणारा बिल बेलिचिक नेमका त्याच आठवड्यात मोकळा झाला होता.

वस्तुस्थिती अशी की आदल्या वर्षी, सुपर बोल ३८-३५ असा थोडक्यात हरल्यानंतर, ईगल्सचे दोन्ही समन्वयक निघून गेले होते. आक्रमण आखणारा शेन स्टाइकन इंडियानापोलिसचा मुख्य प्रशिक्षक झाला, तर बचाव आखणारा जोनाथन गॅनन ॲरिझोनाचा. त्यांच्या जागी आलेली माणसं कमी पडली. बचावाची सूत्रं तर डिसेंबरमध्ये, ऐन हंगामात, शॉन देसाईकडून काढून मॅट पॅट्रिशियाकडे द्यावी लागली. गुण देण्याच्या बाबतीत हा बचाव बत्तीस संघांत शेवटून तिसरा ठरला.

मालक जेफ्री लुरी यांनी सिरियानीला ठेवलं आणि त्याच्या हाताखालची दोन्ही माणसं बदलली. आक्रमणासाठी केलन मूर आला. बचावासाठी आला विक फँजिओ, चार दशकांचा अनुभव असलेला मुरब्बी प्रशिक्षक. पुढच्याच हंगामात सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव ईगल्सचा होता. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवलं. मध्यंतराला गुणफलक २४-० होता. त्या दिवशी फँजिओच्या चार बचावपटूंनीच कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला जेरीस आणलं. जादा माणूस अंगावर सोडण्याची, ज्याला ब्लिट्झ म्हणतात ती चाल, एकदाही लागली नाही.

एनएफएलमध्ये मुख्य प्रशिक्षक प्रत्येक चाल स्वतः आखतोच असं नाही. सिरियानीने ते काम पहिल्याच हंगामात दुसऱ्याकडे सोपवलं होतं. त्यामुळे बिघाड कुठल्या थरात आहे हे पाहिल्याशिवाय सर्वांत वरचा माणूस बदलणं म्हणजे चालू असलेली घडीही मोडणं. सिरियानी निर्दोष होता असं इथे म्हणायचं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये क्लीव्हलंडविरुद्ध जिंकल्यावर तो घरच्याच प्रेक्षकांवर ओरडला आणि दुसऱ्या दिवशी त्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तरीही त्याच्या पहिल्या पाचही हंगामांत संघाने बाद फेरी गाठली, आणि ही गोष्ट रागाच्या भरात दुर्लक्षावी इतकी लहान नाही.

याच शहराला आधीचा मुख्य प्रशिक्षक ॲन्डी रीडचाही अनुभव आहे. चौदा वर्षांनंतर, २०१२च्या ४-१२ अशा हंगामाअखेर, त्याला निरोप देण्यात आला. त्या टप्प्यावर तो निर्णय समजण्यासारखा होता. संघ आणि रीड, दोघांनाही बदल हवाच होता. पण “त्याला मोठे सामने जिंकता येत नाहीत” हा शेरा साफ चुकीचा ठरला. कॅन्सस सिटीत त्याने तीन सुपर बोल जिंकले.

“एका खेळाडूला एवढे पैसे दिले, आता बाकीच्यांसाठी काय उरणार?”

हा सगळ्यांत चिवट गैरसमज, आणि त्याचं कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. आयपीएलच्या २०२५च्या महालिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत १२० कोटी रुपये होते. खेळाडू जितक्याला घेतला, तितके त्या थैलीतून सरळ वजा. एनएफएलची वेतनमर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, वरवर तशीच दिसते: २०२४ साठी प्रत्येक संघाला २५ कोटी ५४ लाख डॉलर, २०२५ साठी २७ कोटी ९२ लाख. वजावट मात्र निराळ्या रीतीने होते.

करारावर सही करताना खेळाडूला जी ठोक रक्कम मिळते, ती त्याच्या खिशात लगेच जाते, पण मर्यादेच्या वहीत ती जास्तीत जास्त पाच वर्षांवर सारखी वाटून लिहिता येते. समजा २ कोटी डॉलर दिले, तर वहीत दर वर्षी ४० लाखच पडतात. पगाराचा भागही अशा ठोक रकमेत बदलता येतो. इतकंच काय, खेळाडू खेळणारच नाही अशी वर्षं करारात केवळ हिशेबासाठी जोडता येतात. मर्यादा दर वर्षी साधारण वाढतच असल्याने पुढे ढकललेला भार तेव्हाच्या मानाने हलका वाटतो. ईगल्सचे सरव्यवस्थापक हॉवी रोझमन यांनी हे तंत्र इतर कोणाहीपेक्षा धिटाईने वापरलं आहे.

एप्रिल २०२३ मध्ये क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला पाच वर्षांसाठी २५ कोटी ५० लाख डॉलरचा वाढीव करार मिळाला. त्या आकड्याने अनेकांच्या पोटात गोळा आला. पण त्यातली खात्रीची रक्कम सुमारे १८ कोटी होती. एनएफएलमध्ये कराराचा मथळ्यातला आकडा पूर्ण मिळेलच असं नसतं. आणि २०२४च्या वहीत हर्ट्सच्या नावावर पडले जेमतेम १ कोटी ३६ लाख, म्हणजे एकूण मर्यादेच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास. बाकीची फळी उभी करायला जागा मिळाली ती इथे. खिशातून रोख रक्कम आधी काढावी लागते, म्हणून अशा हिशेबाला मालकाची तयारीही लागते. लुरी यांच्यावर इतर टीका करता येईल, कंजूषपणाची नाही.

यावरून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: कॅप हे सगळं थोतांड, हवं त्याला घ्या. तेही खरं नाही. ढकललेलं देणं एक दिवस दारात उभं राहतंच. २०१९ मध्ये ईगल्सने क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झशी मोठा करार केला आणि दोनच वर्षांत त्याला इंडियानापोलिसकडे पाठवलं. तो गेला, पण त्याची न लिहिलेली रक्कम एकदम अंगावर आली: २०२१च्या मर्यादेतले ३ कोटी ३८ लाख डॉलर दुसऱ्या संघाकडून खेळणाऱ्या माणसासाठी खर्ची पडले. याला ‘डेड मनी’ म्हणतात. तो तेव्हाचा विक्रम होता.

“मोठं नाव आणलं म्हणजे उन्हाळा जिंकला”

मार्च २०२४ मध्ये ईगल्सने केलेल्या करारांपैकी तीन इथे पाहू. त्यातल्या दोघांवर भरपूर चर्चा झाली, तिसऱ्याकडे फारसं कोणी पाहिलंही नाही.

पहिला सेकॉन बार्कली. न्यूयॉर्क जायंट्स या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडून आलेला रनिंग बॅक, तीन वर्षांसाठी सुमारे ३ कोटी ७८ लाख डॉलर. रनिंग बॅकवर पैसे उधळायचे नसतात, हे एव्हाना फुटबॉलमधलं जवळपास शास्त्रवचन झालं होतं. बार्कलीने त्या हंगामात २,००५ यार्ड धावून काढले. एका हंगामात दोन हजारांचा टप्पा ओलांडणारा तो नववा खेळाडू. पण या यशातून “रनिंग बॅक महाग घ्यावा” असा धडा काढणंही चूकच. त्याच्यापुढे वाट मोकळी करणारी फळी असामान्य होती. त्यात होता जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला आणि २०१८ मध्ये ड्राफ्टच्या सातव्या, शेवटच्या फेरीत उचललेला अजस्र गडी. मेकाय बेक्टन होता, ज्याच्यावर न्यूयॉर्क जेट्स संघाने फुली मारली होती आणि ज्याला इथे जागा बदलून उभं केलं गेलं. या फळीच्या मध्यभागी खेळणारा जेसन केल्सी निवृत्त झाल्याचं दुःख शहराला होतंच, पण त्याचा वारस कॅम जर्गन्स दोन वर्षं आधीच निवडून तयार ठेवला होता. या सगळ्यांना घडवणारा जेफ स्टाउटलंड २०१३ पासून तिथे होता. दोन मुख्य प्रशिक्षक आले आणि गेले, तिसऱ्यानेही त्याला हलवलं नाही.

दुसरा ब्राइस हफ. क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा बचावपटू, तीन वर्षांसाठी ५ कोटी ११ लाख, म्हणजे बार्कलीपेक्षाही महाग. सुपर बोलच्या दिवशी तो खेळणाऱ्यांच्या यादीतही नव्हता, आणि पुढच्या वर्षी त्याला सॅन फ्रान्सिस्कोकडे देऊन टाकलं.

तिसरा झॅक बॉन. एक वर्ष, सुमारे ३५ लाख डॉलर. न्यू ऑर्लिन्समध्ये तो मुख्यतः किकच्या वेळी मैदानात उतरायचा. फँजिओने त्याची जागा कडेवरून मध्यभागी आणली, आणि हाच माणूस हंगामाअखेर देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात निवडला गेला. सुपर बोलमध्ये त्याने महोम्सचा पासही अडवून पकडला. त्या उन्हाळ्यातला सर्वांत मोलाचा निर्णय कोणता, असं विचारलं तर प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर बॉन हेच आहे, आणि त्याचं अर्धं श्रेय फँजिओच्या नेमणुकीला जातं. खेळाडू आणि प्रशिक्षक यांची निवड वेगवेगळी मोजता येत नाही ती यामुळेच.

“ड्राफ्टच्या रात्रीच कळतं”

२०२० मध्ये, वेंट्झशी मोठा करार झालेला असताना, ईगल्सने दुसऱ्या फेरीत आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. संतापाची लाट उसळली. तो क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स. पाच वर्षांनी तो सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण त्याच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत, एकविसाव्या क्रमांकावर, ईगल्सने जेलन रीगरला घेतलं आणि पुढच्याच क्रमांकावर मिनेसोटाने जस्टिन जेफरसनला. रीगर दोन हंगामांत संघाबाहेर गेला, जेफरसन पिढीतला एक श्रेष्ठ रिसीव्हर झाला. त्या निवडीवर कुरकुरणारे चाहते शंभर टक्के बरोबर होते. एका ड्राफ्टमधले दोन राग, एक खरा आणि एक खोटा. निवाडा व्हायला दोन-तीन वर्षं लागली.

“विजेत्या संघाला हात लावू नका”

२०२५च्या मार्चमध्ये, विजयी मिरवणुकीनंतर महिनाभरात, बचावपटू मिल्टन विल्यम्स १० कोटी ४० लाख डॉलरच्या करारावर न्यू इंग्लंडला गेला. जॉश स्वेट ॲरिझोनाला गेला, बेक्टन लॉस एंजेलिसला. “विजेता संघ मोडला” ही हळहळ स्वाभाविक होती. मात्र बाजारात गमावलेले खेळाडू मिळवलेल्यांपेक्षा जास्त असले, तर नियमानुसार पुढच्या ड्राफ्टमध्ये जादा निवडी मिळतात. शिवाय वाचलेल्या जागेत बॉन आणि बार्कली यांचे नवे करार बसले. सुपर बोलमध्ये महोम्सचा पास पकडून थेट गोलरेषेपार गेलेला कूपर डीजीन आणि त्याचा जोडीदार क्विन्यॉन मिचेल दोघेही आदल्याच वर्षीच्या ड्राफ्टमधले, म्हणजे स्वस्त करारावर होते. जे गेले त्यांना तेवढ्या पैशांत ठेवलं असतं, तर या दोघांसाठी पुढे हात आखडता घ्यावा लागला असता.

ज्या निर्णयावर बोट ठेवायला हवं होतं तो दुसराच होता. केलन मूर न्यू ऑर्लिन्सचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याच्या जागी सिरियानीने आपला जुना सहकारी केव्हिन पटुलो याला बढती दिली. २०२३ मध्ये स्टाइकन गेल्यावर ब्रायन जॉन्सनला अशीच आतून बढती मिळाली होती आणि एका हंगामात तो बाहेर गेला होता. घडी मोडू नये हा हेतू दोन्ही वेळा चांगला होता, पण आक्रमण दोन्ही वेळा अडखळलं. हे चाहत्यांनी वेळीच ओळखलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिकागोकडून हरल्यावर काहींनी पटुलोच्या घरावर अंडी फेकली. त्या कृत्याचं समर्थन कोणत्याही पराभवाने होत नाही. संघ ११-६ असा गट जिंकून बाद फेरीत गेला आणि जानेवारी २०२६ मध्ये पहिल्याच सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोकडून घरच्या मैदानावर २३-१९ असा हरला. दोन दिवसांत पटुलोची जबाबदारी काढून घेण्यात आली. सिरियानी राहिला, आणि आक्रमणासाठी नवा माणूस या वेळी बाहेरून शोधण्यात आला.