मोडलेल्या शपथेची किंमत

२५ नोव्हेंबर ११२०च्या रात्री नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ ‘व्हाइट शिप’ हे जहाज खडकावर आपटून बुडाले. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याचा एकुलता एक औरस मुलगा विल्यम त्यात गेला. औरस म्हणावी अशी मुलगीच उरली : मटिल्डा. जर्मन सम्राटाशी लग्न झालेली ही मुलगी विधवा होऊन परतली, तेव्हा हेन्रीने ११२७मध्ये सरदारांकडून शपथ घेतली, की आपल्यामागे राज्य तिचेच. शपथ घेणाऱ्यांत राजाचा भाचा स्टीफनही होता.

१ डिसेंबर ११३५ रोजी हेन्री वारला. मटिल्डाचे तोवर दुसरे लग्न झाले होते; ती सासरी, आंजूकडे होती आणि गरोदर होती. स्टीफनने तातडीने इंग्लिश खाडी ओलांडली, लंडनकरांना आपलेसे केले आणि विंचेस्टरचा बिशप असलेल्या भावाच्या मदतीने तीन आठवड्यांत राज्याभिषेक उरकला. एका बाईच्या हाताखाली राहायचे, त्यातही तिचा नवरा आंजूच्या, म्हणजे जुन्या वैऱ्यांच्या, घराण्यातला. बहुतेक सरदारांना शपथ विसरायला एवढे पुरले.

मटिल्डा ११३९मध्ये इंग्लंडात उतरली. तिचा सावत्र भाऊ, ग्लॉस्टरचा रॉबर्ट, हा तिचा मुख्य आधार. फेब्रुवारी ११४१मध्ये लिंकनच्या लढाईत स्टीफन कैद झाला. मुकुट हाताशी आला होता. पण तिने लंडनकरांकडे जबर पैसा मागितला, त्यांनी उठाव केला आणि तिला शहर सोडून पळावे लागले. त्याच वर्षी रॉबर्ट पकडला गेला आणि त्याच्या बदल्यात स्टीफनला सोडावे लागले. पुढच्या हिवाळ्यात ऑक्सफर्डच्या वेढ्यातून ती पांढरी वस्त्रे पांघरून, बर्फ तुडवत निसटली.

त्यानंतर निकाल लागेना. गावोगावी सरदारांनी विनापरवाना गढ्या उभारल्या, त्यांच्या बांधकामासाठी कुळांना वेठीला धरले, रक्षणाच्या नावाखाली खंडणी उकळली. पीटरबरोच्या मठातील बखरीत या हालांचे वर्णन आहे. गादी कोणाची, याने ज्यांच्या जगण्यात तसूभरही फरक पडणार नव्हता, त्यांनीच या भांडणाचा सगळा खर्च सोसला.

शेवटही रणांगणावर झाला नाही. ११५३मध्ये वॉलिंगफर्डला दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा थकलेले सरदारच लढायला तयार होईनात. त्यातच स्टीफनचा मुलगा युस्टेस वारला. तह झाला : स्टीफनने हयातभर राज्य करावे, त्याच्यामागे मटिल्डाच्या मुलाने, आणि नव्या गढ्या पाडाव्यात. पुढच्याच वर्षी स्टीफन वारला आणि हा मुलगा, दुसरा हेन्री, गादीवर आला.

राज्य अखेर मटिल्डाच्याच वंशाकडे गेले. ११२७ची शपथ पाळली असती, तरी ते तिथेच पोचले असते. मधली शेते मात्र जळाली नसती. मटिल्डाच्या डोक्यावर इंग्लंडचा मुकुट कधीच चढला नाही. पण नव्या राजाला लोक आईच्या पदवीनेही ओळखत. ते त्याला ‘सम्राज्ञीचा मुलगा’ म्हणत.