‘नाइस’ माणूस एकेकाळी मूर्ख होता
इंग्रजीतला ‘नाइस’ आज कौतुकाचा शब्द आहे. मुळात मात्र तो निंदेचा. लॅटिनमधल्या ‘नेस्कियुस’चा अर्थ अजाण. जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा ‘नाइस’ माणूस म्हणजे मूर्ख माणूस. पुढे अर्थ सरकत गेला: बुजरा, मग चोखंदळ, मग काटेकोर. अतिसूक्ष्म फरकाला ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात, त्यात हा काटेकोरपणा अजून टिकून आहे आणि मला तोच अर्थ सर्वांत देखणा वाटतो. ‘छान’ हा अर्थ रुळला अठराव्या शतकात. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त हेन्री टिल्नी कॅथरीनला या शब्दाच्या सैल वापरावरून चिडवतो. ही कादंबरी १८१७च्या डिसेंबरात, लेखिकेच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली; म्हणजे तेव्हाच हा शब्द कशालाही लावला जात होता.