चोरवाटांचे राखणदार

घरी मसाला भाजायला घेतला की त्यातला दालचिनीचा तुकडा जरा निरखून पाहा. ही झाडाची साल, हे तुम्हांला ठाऊक असेलच. दालचिनीची काही भाऊबंद झाडे केरळातील पेरियारच्या जंगलात आपोआप वाढतात. तेथे त्यांना ‘वयना’ म्हणतात.

पेरियारला १९७८ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. तरीही माणसे चोरवाटांनी आत शिरत, वयनाची साल सोलीत आणि विकीत. नुसती साल काढल्याने झाडाचे काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. सालीच्या आतल्या बाजूस रसवाहिन्या असतात. पानांत तयार झालेले अन्न त्यांतून मुळांकडे उतरते. पाणी वर चढविणाऱ्या जलवाहिन्या मात्र आतल्या लाकडात असतात. म्हणून सोललेले झाड काही काळ हिरवेच दिसते! पण बुंध्याभोवतालची साल पुरती निघाली की मुळे उपाशी पडतात आणि झाड वाळते. दालचिनीच्या बागेत फांद्या तोडून सोलतात. खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात. चोराला इतका धीर कोठला?

चोर पकडले जात, खटले चालत. पण सुटून आलेल्या माणसाच्या घरची चूल कशी पेटणार? तो पुन्हा जंगलाचीच वाट धरी. मग १९९६ मध्ये येथे परिसर-विकास प्रकल्प सुरू झाला आणि वन खात्याने वेगळा विचार केला. ज्यांना प्रत्येक पाणवठा, प्रत्येक पायवाट पाठ आहे, त्यांच्याहून चांगले राखणदार कोठे मिळणार? साल चोरणाऱ्या वीसेक जणांनी तो धंदा सोडला व आपली समिती स्थापन केली. ते पर्यटकांना जंगलात पायी हिंडवू लागले आणि त्याच फेरीत गस्तही घालू लागले. चोरट्यांच्या खुणा त्यांच्या नजरेतून कशा सुटणार?

पेरियारमध्ये चंदनही आहे. चंदनाचा सुवास गाभ्यातल्या लाकडात आणि मुळांत असतो, म्हणून चोर कधीकधी झाड मुळासकट उपटतात. तेव्हा मागे खुंटदेखील उरत नाही. २००२ पासून गावातील स्त्रियांनी ‘वसंतसेना’ नावाचे पथक उभारून ही झाडे राखली. पाळीपाळीने, मोबदला न घेता त्या रानात फिरू लागल्या.

म्हणजे सारे प्रश्न सुटले काय? तसे नाही. पर्यटकांवर पोट अवलंबून असेल, तर पर्यटक येईनासे झाल्यावर काय करायचे? शिवाय चोरीच्या मालाला गिऱ्हाईक आहे तोवर चोरीचा मोहही राहणारच. ते गिऱ्हाईक जंगलात नसते, शहरात असते.

आता एक काम करा. तुमच्या गावाजवळच्या रानातून कोणकोणत्या वस्तू बाजारात येतात, त्यांची यादी करा. प्रत्येक वस्तू काढल्यावर झाड जगते की मरते, हे गावातल्या जाणत्या माणसांना विचारा आणि यादी आपल्या शिक्षकांना दाखवा.